नस तर नाही न मरणार?

गोंदियात दाढ काढायला आमगाव-तिरोड्याहून आलेला माणूस दुखऱ्या दाढेपेक्षा सुईला जास्त भितो. खुर्चीत टेकताच तो विचारतो, "डॉक्टरसाहेब, नस तर नाही न मरणार?" आणि गालातला खर्रा हळूच रुमालात काढून ठेवतो.

प्रश्न भाबडा नाही. खालच्या दाढेसाठी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडतात ते जबड्याच्या हाडात शिरणाऱ्या नसेजवळ. जिभेची नस शेजारीच राहते. सुईचं टोक तिला लागलं, की जिभेत करंट बसतो. मग कधीकधी अर्धी जीभ बधिर राहते. चवीचे तंतू त्याच नसेतून जात असल्यामुळे वरणभात एकाच बाजूला रुचकर लागतो. बहुतेकांची नस दोनेक महिन्यांत ताळ्यावर येते.

हे औषध 1943 मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन यांनी बनवलं आणि लुंडक्विस्ट या सहकाऱ्याने ते आधी स्वतःलाच टोचून पाहिलं. त्याच्याही खूप आधी कोकेन होतं. 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅलस्टेड यांनी ते टोचून जबड्याची नस बधिर केली आणि प्रयोगापायी स्वतःला व्यसन लावून घेतलं.

व्यसनाच्या बाबतीत गोंदियाही मागे नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षं गालात राहिला, की आतलं अस्तर ताठरतं आणि तोंडात दोन बोटंही जात नाहीत. नसेची एवढी काळजी करणारा हाच पेशंट डॉक्टरला सुई घालायला वाट ठेवत नाही!

अशांसाठी तोड आहे. 1960 मध्ये वझिरानी यांनी आणि 1977 मध्ये अकिनोसी यांनी दात मिटलेले असतानाच सुई वरच्या हिरडीला समांतर मागे न्यायची रीत मांडली. अडचण एवढीच, की सुईला हाडाची खूण लागत नाही, खोली अंदाजाने ठरवायची.

अंदाज चुकून सुई फार मागे गेली, तर औषध कानापुढच्या लाळग्रंथीत उतरतं. चेहऱ्याची नस तिच्यातूनच जाते. तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही. डॉक्टर डोळ्यावर पट्टी लावतात आणि काही तासांत उतरेल म्हणून सांगतात. पानठेल्यावर मात्र "लकवा मारला ना बे!" असा निकाल लागलेला असतो. कुणीतरी कबुतराच्या रक्ताची मालिश सुचवतं, दुसरा कबुतर घेऊनही येतो. संध्याकाळी लिग्नोकेनचा अंमल ओसरून चेहरा जागेवर येतो, आणि पुढची कित्येक वर्षं त्या कबुतराची कीर्ती तिरोड्यापर्यंत पसरत राहते.