मी रेस देत नाही, ती घेते

वय झालं की आवाज खाली येतो, हा माझा समज आमच्या गाडीनं खोटा ठरवला. कार्बोरेटरवाली, शंभर सीसीची, नंबर एमएच २८. तरुणपणी ती चालू आहे की बंद, हे टाकीला हात लावून पाहावं लागे. आता एक्सिलेटर सोडला तरी बोंबलत राहते. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला १४००च्या आसपास फिरावं, असा हिशेब. मीटरवर तो काटा नाही. पण समोरच्या घरातल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या की आकडा कळतो.

याचे सामाजिक परिणाम फार वाईट. एका तेरवीला गेलो, तर दारात ती अशी गुरगुरली की यजमानच म्हणाले, "बसा तं खरं, एवढी काहून घाई?" चौकात हवालदारानं अडवलं. "काका, या वयात रेस?" म्हटलं, "साहेब, मी देत नाही, ती घेते." त्यानं माझ्या पिकलेल्या मिशीकडं पाहून मला ज्या दयेनं सोडलं, त्यापेक्षा दंड परवडला असता. राजूर घाट उतरताना तर वेगळीच मौज. एरवी एक्सिलेटर सोडला की इंजिन गाडीला मागं धरतं. आमचं पुढं ढकलायचं. मलकापूर स्टेशनवर पाहुणे आणायला मी कायम गाडीच्या आधी हजर.

सल्ल्यांना तोटा नव्हता. घाटावरचे म्हणाले थंडीनं होतं, घाटाखालचे म्हणाले उन्हानं. मेहुण्यानं पेट्रोलवर संशय घेतला. भेंडवळच्या घटमांडणीत दर अक्षय्य तृतीयेला पाऊस, पीक, राजकारण सगळ्याचं भाकीत निघतं. दुचाकीचं खातं तिथं असतं तर तिकडंही गेलो असतो.

निदान काहीही असो, हात सगळ्यांचा एकाच ठिकाणी जायचा : कार्बोरेटरच्या बाजूचा आयडलिंगचा स्क्रू. तो ढिला केला की आवाज बसतो, माणूस हात पुसतो आणि चहाची वाट पाहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी किकमागून किक खाऊन चालू होते आणि लगेच बंद पडते. दुपारी तापली की पुन्हा बोंबाबोंब. थर्मामीटर झटकून पारा खाली आणला म्हणून ताप उतरत नाही, पण हे गल्लीला सांगणार कोण?

शेवटी चिखली रोडवरचा एक पोरगेला मिस्तरी भेटला. त्यानं स्क्रूला हातच लावला नाही, तिथंच माझा विश्वास बसला. चालू गाडीचं हँडल त्यानं दोन्हीकडं पूर्ण वळवून पाहिलं. एक्सिलेटर वायर आखडली असेल, तर हँडल वळताच ती ताणली जाते आणि रेस वाढते. आमची वाढली नाही. चॉकही अडकलेला नव्हता. मग त्यानं बाटलीतलं साबणाचं पाणी कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडावर फवारलं, आणि आवाज एकदम पडला. "पाह्यलं का काका? इथून हवा घेऊ राह्यली."

हवा आणि पेट्रोल यांचं माप कार्बोरेटर ठरवतो. पण त्याच्या पुढच्या जोडाचं रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होऊन तडकलं, की त्याला न विचारता हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, रेस खाली यायचं नाव घेत नाही आणि इंजिन जास्त तापतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६चे नियम आले, तेव्हापासून नव्या गाड्यांत हे माप बहुतेक कॉम्प्युटर ठेवतो. पिळायला स्क्रूच सापडत नसल्यानं आमच्या गल्लीतले कितीतरी तज्ज्ञ बेकार झाले आहेत.

नवं रबर बसलं, गाडी शांत झाली. रबराची किंमत, सल्लागारांना पाजलेल्या चहापेक्षा कमी निघाली.

तुमचीही जुनी गाडी बोंबलत असेल तर आधी हँडल वळवून पाहा, मग चॉक, मग साबणाचं पाणी. काही जण पाण्याऐवजी पेट्रोल शिंपडतात; तापलेल्या इंजिनावर ते कोणालाही करू देऊ नका. आणि स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही गाडी नीट गरम झाल्यावर.