हॉलमध्ये सम, स्वयंपाकघरात तिहाई

आमच्या घरातलं सगळं संगीत यांच्या संगणकात राहतं. निवृत्त झाल्यावर यांनी घरातल्या झाडून साऱ्या कॅसेटी त्यात उतरवल्या. नाट्यपदं, भीमसेन, किशोरीताई, शिवाय कुणाच्या तरी लग्नात टेप केलेली सनई, जिच्यात मधेच कुणीतरी श्रीखंड संपल्याचं जाहीर करतं. मग एवढं संगीत एकाच खोलीत का अडकून पडावं, असा प्रश्न यांना पडला. मला पडला नव्हता. अडकलेल्या संगीतावर दार लोटता येतं.

पण यांच्या न्यू जर्सीच्या भाच्यानं आगीत तेल ओतलं. ॲपलनं २००४ सालीच एअरपोर्ट एक्स्प्रेस नावाची डबी काढली होती. ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची, तिला स्पीकर जोडायचा, की संगणकातलं गाणं वायफायवरून थेट त्या खोलीत. डबी २०१८ मध्ये बंद झाली, विद्या मात्र उरली. हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही बेडरूम आणि (माझा विरोध नोंदवून) बाथरूम, अशी सगळीकडे वायरलेस स्पीकरांची स्थापना झाली.

वायरलेस स्पीकरला वायर असते, हे आधी कुणी सांगत नाही. विजेची. वायर आली की अडॅप्टर आला, अडॅप्टर आला की सॉकेट हवं, आणि आमच्या बिल्डरनं स्वयंपाकघरात सॉकेटं मोजून दिलेली. चटणी वाटायची तर आधी भीमसेनांचा प्लग काढावा लागतो.

खरी गंमत पहिल्याच संध्याकाळी झाली. हॉलमध्ये तबल्याची तिहाई समेवर आली, यांनी मान हलवून दाद दिली, आणि त्यानंतर तीच तिहाई स्वयंपाकघरात समेवर आली. आतल्या बेडरूममध्ये अजून यायची होती. सासूबाई म्हणाल्या, "मागून साथ देणारा शिष्य जरा कच्चा दिसतो."

यांनी कारण शोधलं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा आमच्या फ्लॅटच्या लांबीनं काही बिघडत नाही. पण ब्लूटूथ स्पीकरकडे गाणं सरळ जात नाही. संगणक त्याच्या पुड्या बांधतो, पाठवतो, आणि स्पीकर त्या सोडून वाजवतो. यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो, आणि तेवढ्यानं कानाला दोन गवई ऐकू येतात. उपाय असा की सगळे स्पीकर वायफायवर घ्यायचे, सगळ्यांची घड्याळं जुळवायची, गाणं दोनेक सेकंद अडवून धरायचं आणि सगळ्यांना ठरल्या क्षणी एकदम सोडायचं. हे जमलं. फक्त आता "बंद करा ते!" म्हटल्यावर गाणं दोन सेकंदांनी बंद होतं. यांच्यापेक्षा लवकरच म्हणायचं.

मग मायक्रोवेव्हनं डोकं वर काढलं. वडे गरम करायला ठेवले की स्वयंपाकघरातला अभंग अडखळायचा. सासूबाईंच्या मते हा विठोबाचा कौल होता, शिळे वडे खाऊ नका. यांच्या मते २.४ गिगाहर्ट्झचा दोष. वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह हे तिघंही हवेतल्या त्याच पट्ट्यात राहतात, कारण तिथे कुणाला लायसन्स लागत नाही. वर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटरही तिथेच. फुकट जागेवर गर्दी होणारच, हे डोंबिवलीकराला समजावून सांगावं लागत नाही. स्पीकर ५ गिगाहर्ट्झवर नेले तर भिंत आडवी येते. ती लहर भिंत ओलांडताना फार लवकर दमते. सध्या राउटर पॅसेजमध्ये, शू-रॅकच्या डोक्यावर आहे. तिथून सगळ्या खोल्यांना सारखाच त्रास होतो.

लायसन्सचा विषय निघाला की सासूबाई खुलतात. त्यांच्या गिरगावच्या चाळीत रेडिओला लायसन्स लागायचं, पोस्टात पैसे भरून दर वर्षी शिक्का मारून आणायचा. पण बुधवारी रात्री ८ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली, की नळापासून जिन्यापर्यंत गॅलरीतून चालत जावं, गाण्यातला एक शब्द चुकायचा नाही. सगळ्यांचे रेडिओ एकच लहर एकाच वेळी पकडायचे आणि तशीच ओतायचे. ना पुड्या, ना घड्याळं. "या टोकाचा रेडिओ त्या टोकाच्या रेडिओशी कधी भांडला नाही," त्या सांगतात. "माणसं भांडायची." यावर यांच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही, पण मला ते शोधायचंही नाही.

आणि मग सोसायटीची ऑनलाइन सभा झाली. संगणकाला गाणं कोणतं आणि सेक्रेटरी कोणता हे कळत नाही. आवाज तो आवाज. सकाळी स्पीकर जोडलेलेच होते. सभा सुरू झाली तेव्हा सासूबाई अंघोळीला गेलेल्या. बाथरूममधून एक भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला, "ए विंगमधले सभासद पाणी फार वापरतात." आम्ही ए विंगमध्येच राहतो. सासूबाईंनी आतून जे उत्तर दिलं ते यांच्या उघड्या माइकमधून सभेत पोहोचलं, आणि मला वाटतं इतिवृत्तातही गेलं असावं. बाथरूमचा स्पीकर त्याच दिवशी माळ्यावर गेला. पाण्याचा विषय मात्र सोसायटीत पुन्हा निघाला नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

तुमच्या घरी कुणी हे बसवायला निघालंच, तर दोन कामं आधी करून घ्या. संगणकाचा बाकी सगळा आवाज बंद करून फक्त गाण्यांचाच स्पीकरांकडे जाईल असं करा, आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. बाकीचं आपोआप बिघडतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.