आधी तट्टू धरा, मग कलम लावा

१८७१ साली इंग्रज सरकारने गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. कोणाचं जनावर कोणाच्या पिकात शिरलं तर काय करायचं, हे त्यात इतक्या मायेने लिहिलंय की वाचताना गहिवरून येतं. गुरं म्हणजे नुसती गाय-म्हैस नव्हे. हत्ती, उंट, घोडा, घोडी, तट्टू, शिंगरू, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, बकरी, सगळे त्यात आले. जनावर धरलं की चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. तिथे नोंद करायची, मालकाकडून दंड आणि चारापाण्याचा खर्च घ्यायचा, मालक फिरकलाच नाही तर लिलाव पुकारायचा. थोडक्यात, धरल्यानंतरचं सगळं आहे. धरायचं कसं, यावर कायदा मौन पाळतो. मसुदा लिहिणाऱ्या साहेबाच्या दारी मोतद्दार असणार. ही अडचण त्याला दिसायची कशी?

ती दिसली चिखली तालुक्यातल्या एका गावाला. नाव सांगत नाही, कारण सरपंच आमच्या पाहुण्यांतले आहेत. पोळा नुकताच झालेला, सोयाबीन शेंगांवर आलेलं आणि त्या सोयाबीनच्या मधोमध एक पांढरं तट्टू शांतपणे उभं. तट्टू गावातल्याच एका वरातवाल्याचं. सारंगखेड्याच्या बाजारातून मोठ्या हौसेने आणलेलं. लग्नसराईत रोज एक नवरदेव पाठीवर, कानाशी डीजे आणि पुढे नाचणारे मामा. चातुर्मास लागला की मात्र कामही नाही आणि खुराकही नाही. वरातवाल्याने त्याला माळावर सोडलं, माळाला लागून सोयाबीन होतं, पुढचं तट्टाने स्वतःच्या अकलेने केलं.

शेतकऱ्याने आरोळी मारली आणि गाव धावलं. आपल्याकडे हाकेला धावून जाण्याची परंपरा फार जुनी आहे. गेल्यावर काय करायचं याची तितकी जुनी नाही. चाळीसेक माणसांनी शेताला वेढा घातला. कोणी शिट्टी मारी, कोणी 'आव आव' करी, कोणी मागून काठी घेऊन दबकत येई. तट्टू प्रत्येकाला हातभर अंतरावर येऊ देई आणि मग नुसतं दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा चरायला लागे. त्याने धूम ठोकली असती तर माणसांचा मान राहिला असता. ते चालत जात होतं, हा खरा अपमान.

कारण साधं आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा थोडा भाग, एवढंच आंधळं, आणि तिथून कोणी आलं की तो बिचकतो. आणि गाव नेमकं या दोनच बाजूंनी चालून येत होतं. समोरून सरपंच, मागून उपसरपंच. पंचायतीत ही रचना चालते.

मग तंत्रज्ञान आलं. तालुक्याहून फवारणीचा ड्रोन मागवला, वरून तट्टाला हुसकावून कोपऱ्यात कोंडायचं ठरलं. ड्रोन घोंघावत वर गेला आणि तट्टाने पहिल्यांदा वेग दाखवला. सोयाबीनमधून तुरीत, तुरीतून कपाशीत आणि कपाशीतून फेरा मारून पुन्हा सोयाबीनमध्ये. त्या संध्याकाळी एका पोराचा रील जिल्हाभर फिरला. लखुजीराव जाधवांचा आणि जिजाऊंचा हा जिल्हा, सिंदखेडराजाच्या भुईवर एके काळी जाधवरावांच्या पागा होत्या. त्याच जिल्ह्यात एका वरातीच्या तट्टाने ग्रामपंचायत दमवली, असं खाली कोणीतरी लिहिलं. त्यावर इतिहासाचा अपमान झाला म्हणून दोन दिवस वेगळं भांडण पेटलं आणि तट्टू निवांत चरलं.

तिसरा उपाय दाण्यांचं टोपलं खडखडवून जवळ बोलावण्याचा. हा मात्र सरपंचांचा आवडता. उजव्या हातात टोपलं, डाव्या हातात पाठीमागे लपवलेलं दावं, चेहऱ्यावर निवडणुकीतलं हसू. तट्टू आलंही जवळ. टोपल्यात तोंड घातलं तर तळाला चार दाणे आणि आवाज व्हावा म्हणून टाकलेले खडे. तट्टाने मान वर केली, सरपंचांकडे पाहिलं आणि निघून गेलं. यानंतर त्या टोपल्याच्या खडखडाटाला ते शिवाराच्या दुसऱ्या टोकावरूनच पळायला लागलं.

यात तट्टाचं चुकलं असं म्हणायला मी तयार नाही. आपल्या जिल्ह्याला टोपल्याचा अनुभव तट्टापेक्षा जुना आहे. खामगाव-जालना रेल्वेचं टोपलं इंग्रजांच्या काळापासून खडखडतंय. दर निवडणुकीला कोणीतरी ते हलवतं, आपण कान टवकारतो, जवळ जातो, आत सर्वेक्षण निघतं. घाटाखाली खारपाणपट्ट्यात गोड पाण्याचं टोपलं फिरतं. सोयाबीनच्या टोपल्यावर तर आकडाच लिहिलेला असतो. २०२४-२५ ला क्विंटलमागे ४८९२ रुपये हमीभाव होता, २०२५-२६ ला ५३२८ झाला. आकडा वाढला, खरं आहे. बाजार समितीच्या आवारात गाडी लावून आत तोंड घातलेल्यालाच खड्यांचा हिशेब कळतो. फरक इतकाच की तट्टू एकदा फसलं की दुसऱ्यांदा जवळ येत नाही. आपण दर पाच वर्षांनी रांगेत उभे राहतो, वर फोटोही काढतो.

आणि तट्टाचा हिशेब चोख होता. त्याच्या आयुष्यात माणूस हसत, हातात मोहरकी घेऊन जवळ आला म्हणजे पुढे काय होतं? झूल, तंग आवळणं, नव्वद किलोंचा नवरदेव, फटाके. 'कशाला बोलावलंय' हे न सांगता माणूस बोलावतो तेव्हा काम असतंच, एवढं तट्टालाही कळतं. माणूस कधी नुसताच आला, मानेजवळ खाजवून निघून गेला, असं त्याच्या बाबतीत एकदाही घडलं नव्हतं.

असं आलेल्या एका माणसाची गोष्ट याच जिल्ह्यातल्या पोथीत आहे, आणि पकड मोहिमेतल्या निम्म्या लोकांनी तिची पारायणं केलेली आहेत. दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथाचा नववा अध्याय. शेगावात मोट्यांच्या महादेवाच्या देवळात टाकळीचे कीर्तनकार गोविंदबुवा उतरले होते. त्यांचा घोडा भलता द्वाड. लाथा मारायचा, चावायचा, दोर तोडून पसार व्हायचा, बांधायला लोखंडी साखळ्या लागायच्या. त्या रात्री गजानन महाराज येऊन त्या घोड्याच्या चार पायांमध्ये आनंदात झोपले आणि घोडा जागचा हलला नाही. महाराजांच्या हातात दावं नव्हतं, टोपलं नव्हतं, उद्या कोणाला पाठीवर बसवायचं नव्हतं. पण मला यात गोविंदबुवांचं फार आवडतं. मध्यरात्री त्यांना जाग आली, घोडा गप्प उभा दिसला आणि बुवांना पहिली शंका आली ती याला काही रोग तर झाला नाही ना, अशी. आपल्याकडे जो आरडाओरडा करत नाही त्याची आधी प्रकृतीच तपासतात.

तर गावाचे सगळे उपाय थकले तेव्हा माळावर मेंढरांचा वाडा घेऊन उतरलेला एक म्हातारा धुऱ्यावर येऊन उभा राहिला. मेंढपाळांची बिऱ्हाडं तट्टावरच चालतात. हंडे, वाकळ, कोंबड्या आणि वर एखादं पोर. तट्टू न धरता आलं तर त्यांची चूलच पुढच्या मुक्कामी जात नाही. म्हाताऱ्याने आधी सगळ्यांना शेताबाहेर जायला सांगितलं. हे सगळ्यात अवघड निघालं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की 'सगळे' म्हणजे बाकीचे. शेवटी शेत रिकामं झालं. म्हातारा तट्टाकडे न बघता, तिरका तिरका, मध्येच थांबत गेला. तट्टाने मान वर केली की हा दोन पावलं मागे सरायचा. मोहरकी खांद्यावर उघडी टाकलेली.

"बाबा, दावं लपवा ना!" धुऱ्यावरून कोणीतरी ओरडलं.

"काऊन लपवू? त्याले सम्दं दिसते. तुमालेच वाटते का नाई दिसत," म्हातारा वळूनही न बघता म्हणाला.

मग तो सरळ खाली बसला, पाठ करून, आणि फडक्यातली भाकरी काढून खाऊ लागला. बराच वेळ गेला. गावाला काही न करता बसण्याची सवय नव्हती, त्यामुळे लोक कासावीस झाले. तट्टू मात्र आलं. आधी जरा लांब उभं राहिलं, मग त्याच्या पागोट्याचा वास घेतला. म्हाताऱ्याने भाकरीचा तुकडा दिला, उठून मानेच्या बुडाशी खाजवलं, सावकाश मोहरकी चढवली. धुऱ्यावर टाळ्या पडल्या. सरपंच फोटोसाठी पुढे निघाले.

आणि म्हाताऱ्याने मोहरकी काढून तट्टाला सोडून दिलं.

जो गलका झाला तो तीन शिवारांत ऐकू गेला. हा काय वेडेपणा, चार दिवसांची मेहनत, आता पुन्हा कोण धरणार! म्हातारा म्हणाला, "मीच धरीन. धरलं का कामच येते अंगावर, असं त्याच्या डोक्यात बसलं. थे निघाल्याबिगर हे रोज पळीन." त्याने तसंच पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं, आणि नंतर धरलं तेव्हा तट्टू स्वतः त्याच्या मागे चालत शेताबाहेर आलं.

पुढे रीतसर पंचनामा झाला. तट्टाने खाल्लेलं सोयाबीन मोजलं, ते फार नव्हतं. चाळीस माणसांनी आणि एका ड्रोनने मिळून तुडवलेलं बरंच होतं, पण त्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. १८७१ च्या कायद्याने गुरांच्या व्याख्येत हत्तीपासून डुकरापर्यंत सगळे घेतले, मदतीला आलेली माणसं घेतली नाहीत. दंड वरातवाल्यावर बसला. म्हाताऱ्याचं नाव कागदावर नाही, तो दुसऱ्या दिवशी वाडा हलवून पुढे गेला.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. कोणाच्या पिकात तट्टू शिरलेलं दिसलं तर गाव गोळा करू नका, ड्रोन मागवू नका, टोपल्यात खडे टाकू नका. धुऱ्याबाहेर थांबा, आणि जाणता माणूस आत गेला असेल तर त्याला वरून सूचना देऊ नका.