तीस तासांची ओळख

नव्या शैक्षणिक धोरणाने कोल्हापूरच्या पोरांना ज्ञानाची सगळी दारं एका झटक्यात उघडून दिली. पहिल्याच वर्षी दुसऱ्या विद्याशाखेचा विषय घ्यायचा, नाव ओपन इलेक्टिव्ह. कॉमर्सवाल्याने मानसशास्त्र चाखावं, सायन्सवालीने शेअर बाजार. दोन क्रेडिट, म्हणजे तीस तास. तेवढ्यात फ्रॉईडशी नमस्कार-चमत्कार होतो. चहाला थांबायला वेळ कुठला!

निवड मात्र अगदी मुक्त. खिडकीशी संवाद ऐकावा:

"भावा, काय घेतलंस?"

"ज्याला सकाळी सातचं लेक्चर न्हाई त्ये."

प्राध्यापकांची निवडही तितकीच मुक्त. ज्यांचा वर्कलोड कमी भरतो, त्यांच्यात 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवण्याची पात्रता आपोआप उतरते. मग भूगोलाचे सर मुलाखतीला टाय कसा बांधावा हे सांगतात. स्वतः बुशशर्टमध्ये.

खरं तर हे मिश्रण इथे नवं नाही. १८८० साली कॉलेज झालेल्या राजाराममध्ये प्रणयकादंबऱ्या लिहिणारे ना. सी. फडके कित्येक वर्षं तत्त्वज्ञान शिकवत होते. कादंबरी वाचणाऱ्याला क्रेडिट देण्याचं तेव्हा कुणाला सुचलं नाही, हा दूरदृष्टीचा अभाव.

आता सगळं ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतं. बँक म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या एका पालकांनी पहिला प्रश्न विचारला, "व्याज किती टक्के?"