माड पडावा तर कुठे पडावा?

श्रीवर्धनकडच्या माणसाला घर आणि वाडी वेगळी सांगता येत नाही. पडवीतून उतरलं की वाडी, वाडीत माड, माडांच्या सावलीत पोफळी, पोफळींवर चढलेली मिरवेल; सगळं मिळून 'आमचं घर'. विमा कंपनीला हे एकत्र कुटुंब मंजूर नाही. तिने केव्हाच वाटण्या करून टाकल्यात.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढे महिनाभर भेटेल तो विचारायचा, "विमा होता ना?" समोरचा म्हणायचा, "होता की!" कशाचा, हे कोणी विचारत नसे. सरकारने नुकसानभरपाई झाडामागे लावली : पोफळीला 50 रुपये, माडाला 250. आमच्या काकू म्हणाल्या, "रोठा सुपारीचं झाड वाढवायला किती वर्षं जातात ते त्यांना एकदा पाणी घालायला लावून दाखवते."

त्यानंतर काकूंनी पॉलिसी वाचायचं मनावर घेतलं. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी सगळ्या कंपन्यांची 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी आली आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड सगळं त्यात आहे. बाहेरची वस्तू येऊन आदळली तर तेही आहे, आणि उदाहरणांत पडणारं झाडसुद्धा. काकूंनी चष्मा वर केला. "म्हणजे माड छपरावर पडला तर कौलांचे पैसे. आणि वाडीत पडला तर?"

"तर त्याचं या पॉलिसीत काही नाही."

"मग पडायचाच असेल तर त्याने घराकडे तोंड करून पडावं, नाही का?"

आणखी एक कलम त्यांना फार आवडलं. वादळापायी घर उघडं पडलं आणि त्यामुळे चोरी झाली, तर सात दिवसांच्या आतली चोरी धरतात. आठव्या दिवशी येणाऱ्या चोराला आपण काय सांगायचं, हे काही लिहिलेलं नाही.

माडाची सोय निराळी. नारळ विकास मंडळाच्या विमा योजनेत 4 ते 60 वर्षांचे माड बसतात. काकूंच्या आजेसासऱ्यांनी लावलेला, आजही घरचं खोबरं पुरवणारा माड साठी उलटल्यामुळे निवृत्त ठरला. आंब्याचा हवामानावरचा विमा तर कलमाकडे बघतच नाही. तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्रात काय नोंदलं ते बघतो. पाऊस आमच्या मोहोरावर पडून उपयोग नाही, केंद्रावर पडायला हवा.

यात लबाडी कोणाची नाही. आपण काय गेलं ते सांगत असतो, पॉलिसी कशामुळे गेलं ते विचारते. वादळाने उडालेलं कौल तिला समजतं. वर्षानुवर्षं ठिबकणारं जुनं छप्पर ती दुरुस्तीच्या खात्यात टाकते. म्हणून हप्ता भरण्याआधी काय बसतं याच्याइतकंच काय बसत नाही ते विचारून घ्यावं, तेही मे महिन्यात, डोकं आणि आभाळ दोन्ही निरभ्र असताना.

यंदा एजंट आला तेव्हा काकूंनी सरळ विचारलं, "वादळ कधीमधी येतं. वानर रोज येतात, कौलांवरून उड्या मारतात. त्यांचं कलम कितवं?"

एजंटाने चहा घेतला, पॉलिसी पुढूनमागून चाळली आणि म्हणाला, "हेड ऑफिसला विचारून सांगतो."