सवयीला सही नसते

शेजारी घर सोडून निघाला की सगळे त्याच्या टेंपोतलं सामान बघत बसतात. सामायिक विहिरीचं पुढे काय, हे विचारणारा एखादाच.

ब्रेक्झिटचं तेच झालं. २३ जून २०१६ ला ब्रिटनमधल्या ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला आणि पुढची साडेचार वर्षं जग लंडनकडे डोळे लावून बसलं. कोण पंतप्रधान झालं, कोण गेलं, संसदेत कोणी कोणाला काय सुनावलं. खरी परीक्षा शेजारच्या बेटावर चालू होती. आणि ज्या देशाला ती द्यायची होती, त्याचं मत कोणी विचारलंच नव्हतं.

तो देश म्हणजे आयर्लंड. उत्तर आयर्लंडशी, म्हणजे ब्रिटनशी, त्याची जमिनीवरची सीमा सुमारे ५०० किलोमीटरची. ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त. पासपोर्ट तपासायचं कायमचं नाकं एकाही रस्त्यावर नाही.

बातम्या कशाच्या होत्या? गोमांस, दूध, ट्रक, सीमाशुल्क. ठीक आहे, पोट आधी. पण पळून आलेला आरोपी? घटस्फोटाचा हुकूमनामा? आश्रय मागायला आलेलं कुटुंब? यांच्यावर सीमाशुल्क भरून भागत नाही. यांना कायदा लागतो.

कायदा वेळेवर लिहिला नाही तर काय होतं, हे आयर्लंडला चांगलं ठाऊक होतं. संघातून बाहेर पडण्याचा अनुभव शेजाऱ्याच्या आधी त्यानंच घेतला होता.

१९२२ मध्ये आयर्लंड युनायटेड किंगडममधून वेगळा झाला. झेंडा बदलला, पोलीस बदलले, नोटाही पुढे बदलल्या. आरोपींच्या देवघेवीचे कायदे मात्र १८४८ आणि १८५१ चे, दोन्ही बेटं एकाच राज्याखाली होती तेव्हाचे, तसेच राहिले. एका बाजूचं वॉरंट यायचं, दुसऱ्या बाजूचा पोलीस अधिकारी त्यावर सही करायचा, आरोपी पलीकडे जायचा. चाळीस वर्षं कोणाचीच तक्रार नव्हती.

म्हणजे, ज्यांना नेलं त्यांची सोडून.

अखेर एका माणसाला डब्लिनमध्ये पकडून, वकिलाला कोर्टात जायला सवड न देता, पोलिसांनी मोटारीत घालून सीमेपलीकडे पोचवलं. १९६४ मध्ये आयर्लंडचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कोर्टाचं दार ठोठावू न देता माणसाला देशाबाहेर काढता येणार नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं दुसरी खुंटी उपटली. जुन्या कायद्यात ज्या पोलीस दलाचं नाव होतं ते १९२२ मध्येच बरखास्त झालं होतं, आणि नव्या देशाचे पोलीस आपोआप त्याच्या जागी बसत नाहीत. १९६५ मध्ये दोन्ही देशांना घाईघाईनं नवे कायदे करावे लागले.

चाळीस वर्षं जे चाललं तो कायदा नव्हता, सवय होती. आणि सवयीला सही नसते.

म्हणून १७ मार्च २०१९ हा दिवस लक्षात ठेवण्यासारखा आहे. रविवार, त्यात सेंट पॅट्रिकचा सण. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी ब्रेक्झिटच्या परिणामांसाठी केलेल्या कायद्यावर सही केली. पंधरा भाग, नऊ मंत्र्यांची खाती, प्रत्यार्पणापासून स्थलांतरापर्यंत सगळं एकाच विधेयकात. ब्रिटननं निघायची ठरवलेली तारीख होती २९ मार्च. बारा दिवस उरले असताना निघणाऱ्याचं काही ठरत नव्हतं. मागे राहणाऱ्याचे कागद मात्र तयार होते.

पुढे तारीख हलली, करार झाला आणि त्या कायद्यातला बराचसा भाग वापरावाच लागला नाही. मग मेहनत वाया गेली? छत्री घेतली आणि पाऊस पडला नाही, म्हणून छत्री घेणारा मूर्ख ठरतो का?

आता वॉरंटाकडे या. २००४ पासून युरोपीय अटक वॉरंट होतं. कोर्टानं कोर्टाला लिहायचं, मंत्र्यानं मध्ये पडायचं नाही. ब्रिटन बाहेर पडला की हा धागा तुटणार आणि १९५७ च्या जुन्या प्रत्यार्पण करारावर परत जावं लागणार. त्यात फाईल सरकारांमधून फिरते. आणि फाईल फिरते तेव्हा आरोपीही फिरत असतो.

आयर्लंडच्या तुरुंगातला एक आरोपी २०१८ मध्ये न्यायालयात म्हणाला: तुम्ही मला ज्या देशाच्या हवाली करताय तो उद्या संघात नसेल, मग माझे हक्क कोण सांभाळणार? त्याच्यावरचे आरोप गंभीर होते. प्रश्नही तितकाच गंभीर होता. युरोपीय न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तर दिलं की बाहेर पडायची नुसती नोटीस दिली म्हणून वॉरंट नाकारता येणार नाही. निघेपर्यंत तो घरचाच.

आणि निघाल्यावर? २४ डिसेंबर २०२० ला, मुदत संपायला आठवडा उरला असताना, व्यापार करार ठरला आणि त्यात आरोपींच्या हस्तांतरणाचीही सोय झाली. अनेक देशांनी सांगून टाकलं की आम्ही स्वतःचे नागरिक ब्रिटनला देणार नाही. आयर्लंडनं तसं केलं नाही. सीमेवर दोनशे रस्ते उघडे ठेवून गुन्हेगाराला घरात लपायला जागा देणारा देश शेजारी कसा म्हणवणार?

पण वकील कसले गप्प बसतात? युरोपीय न्यायविषयक कायद्यांत आयर्लंड आपोआप बांधला जात नाही. प्रत्येक वेळी ‘आम्ही आहोत’ असं कळवावं लागतं. ही सूट ब्रिटनसोबत घेतली होती, दोघांमधला मोकळा प्रवास टिकावा म्हणून. शेजारी गेला, त्याच्या सोबतीसाठी घेतलेली सूट राहिली. त्याच सुटीचा आधार घेऊन दोन कैदी म्हणाले, या करारात आयर्लंडनं ‘आम्ही आहोत’ म्हटलंच नाही, आम्हाला सोडा. नोव्हेंबर २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. यंत्रणा वाचली. पण अकरा महिने ती एका प्रश्नावर टांगलेली होती.

पोलिसांच्या वहीचीही तीच तऱ्हा. फरारी आणि हरवलेल्या माणसांची नोंद ठेवणाऱ्या शेंगेन माहिती यंत्रणेला आयर्लंड जोडला गेला १५ मार्च २०२१ ला. ब्रिटन तिच्यातून बाहेर पडून तेव्हा अडीच महिने झाले होते. उघड्या सीमेचे दोन शेजारी त्या वहीत एकत्र कधी आलेच नाहीत.

सरकारांना चोर दिसतो, नवरा-बायको दिसत नाहीत. आयर्लंडला दिसले, हे त्याचं श्रेय. लंडनला झालेला घटस्फोट डब्लिनमध्ये युरोपीय नियमानं मान्य व्हायचा. तो नियम गेला की १९८६ चा आयरिश कायदा उरतो, आणि त्याची कसोटी अधिक कडक. एकाच बाईनं एका विमानतळावर घटस्फोटित असावं आणि दुसऱ्यावर विवाहित? २०१९ च्या कौटुंबिक कायद्यात ही फट बुजवली. चार ओळींचं काम, पण त्यावर लोकांचे संसार टेकलेले.

ब्रिटनच्या बाजूलाही फट होती. आयरिश माणूस डब्लिनहून लंडनला उतरला तर जुन्या सामायिक प्रवास क्षेत्राच्या, म्हणजे दोन देशांतल्या मोकळ्या प्रवासाच्या, कायद्यानं आत यायचा. तोच पॅरिसहून उतरला तर युरोपीय हक्कानं. युरोपीय हक्क गेला तर पॅरिसहून येणाऱ्याचं काय? नोव्हेंबर २०२० च्या कायद्यानं १९७१ च्या स्थलांतर कायद्यात कलम घालून हे निस्तरलं. शंभर वर्षांची मैत्री विमान कुठून आलं यावर अडली असती.

त्या मैत्रीचा कागद तरी काय आहे? ८ मे २०१९ ला दोन्ही सरकारांनी सामायिक प्रवास क्षेत्राचा सामंजस्य करार केला. राहा, काम करा, शिका, दवाखान्यात जा. सुंदर मजकूर. कायद्यानं बंधनकारक नाही, हेही त्याच मजकुरात लिहिलेलं.

आता सर्वांत दुखरी जागा. युरोपच्या डब्लिन नियमावलीनुसार आश्रयार्थी आधी ज्या देशात आला, सहसा तिथे परत पाठवता यायचा. ब्रिटन त्यातून बाहेर पडला. म्हणून डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या ब्रेक्झिट कायद्यानं आयर्लंडनं ब्रिटनला ‘सुरक्षित तिसरा देश’ ठरवायची सोय केली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी तसं ठरवूनही टाकलं. घाईत एक अट राहिली: पाठवलेल्या माणसाला तिथे गंभीर इजा होण्याचा धोका नाही, याची हमी. २२ मार्च २०२४ ला डब्लिनच्या उच्च न्यायालयानं ते ठरवणं युरोपीय कायद्याविरुद्ध असल्याचा निकाल दिला.

आणि नेमक्या कोणत्या वेळी? ब्रिटन आश्रयार्थींना रवांडाला पाठवायचा कायदा रेटत होता तेव्हा. पुढच्याच महिन्यात आयर्लंडच्या न्यायमंत्री हेलन मॅकएन्टी म्हणाल्या की ८० टक्क्यांहून अधिक अर्जदार उत्तर आयर्लंडकडून, जमिनीवरून येत आहेत. इकडे परत पाठवायचा कायदा कोसळलेला, तिकडे परत घ्यायची ब्रिटिश सरकारची तयारी नाही. मधे माणसं डब्लिनच्या फुटपाथवर तंबू टाकून. त्याच वर्षी दुरुस्ती झाली. पण एका राहिलेल्या अटीची किंमत, ती लिहायला विसरलेल्या माणसानं मोजली नाही.

या सगळ्याशी आपला काय संबंध? आहे. मार्च २०१९ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर वडील, आयरिश नर्स आई. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला आले तेव्हा आपण कौतुकानं फोटो छापले. छापायलाच हवे होते. पण त्यांच्या सरकारनं कोणता कायदा लिहिला, त्यात आपली माणसं कुठे बसतात, हे कोणी छापलं?

बसतात ती अशी. डब्लिनमध्ये नोकरी करणारी भारतीय नर्स रविवारी बेलफास्ट बघायला बसनं निघते. दोन तासांचा रस्ता, मधे कायमचं नाकं नाही, कायमचा शिपाई नाही. तरी ब्रिटिश व्हिसा नसेल तर ती गुन्हा करत असते. मोकळा प्रवास हा आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांचा. भारतीय पर्यटकासाठी २०१५ पासून एका व्हिसावर दोन्ही देश बघायची योजना आहे, पण ती थोड्या दिवसांच्या पाहुण्याला. तिथे राहून रात्रपाळी करणाऱ्या नर्सला नाही. सीमा पुसली, असं दोन्ही सरकारं सांगतात. कोणासाठी पुसली, ते विचारायचं राहून जातं.

आयर्लंडनं तयारी चांगली केली, हे मी मनापासून म्हणतो. शेजारी भांडत असताना त्यानं शांतपणे कलमं लिहिली. पण दोन्ही वेळा चूक एकाच जागी झाली. १९२२ नंतर बेड्या घातलेल्या माणसाचं कलम राहिलं, २०२० मध्ये आश्रय मागणाऱ्याचं. ज्याला मत नाही त्याची ओळ सर्वांत शेवटी लिहिली जाते, आणि घाई झाली की तीच गळते.

तेव्हा कोणताही शेजारी कोणत्याही संघातून निघाला, की मसुदा या ओळीपासून सुरू करा. बसमध्ये पोलीस चढतो तेव्हा प्रवाशाला दोन देशांची शंभर वर्षांची मैत्री दाखवता येत नाही.

कागद दाखवावा लागतो.