रात्री दोनचा स्पेसबार

राउटरच्या सेटिंग्जचा रोज रात्री बॅकअप घ्यायचा, हे काम माझ्या गळ्यात पडलं ते 'नाहीतरी तुम्ही जागेच असता' एवढ्याच पात्रतेवर. काम तसं पोरखेळ. एसएसएचने दूरच्या राउटरवर लॉगिन व्हा, पासवर्ड द्या, एक कमांड मारा आणि स्क्रीनवर येईल ते लॉग फाइलीत साठवा. पण सिस्कोचा राउटर पानभर मजकूर ओकून थबकतो, तळाशी 'मोअर' असं लिहितो आणि कुणी स्पेसबार दाबेपर्यंत ढिम्म हलत नाही. त्या एका बटणासाठी रात्री दोनला पदवीधर माणूस बसवायचा!

यावर डॉन लिब्ज या अमेरिकन गृहस्थांनी १९९० मध्येच तोड काढली आहे : 'एक्स्पेक्ट' नावाचा प्रोग्रॅम. समोरून अमुक आलं की तमुक पाठव, एवढं त्याला सांगून ठेवायचं. मंगलाष्टकं कुणी ऐकत नसतं, पण 'सावधान' कानावर पडलं की अक्षता उडतातच, एक्स्पेक्टचंही तसंच. त्याला अख्खा शब्दसुद्धा लागत नाही. 'पासवर्ड' कुठे कॅपिटल पीने विचारतात, कुठे स्मॉलने. म्हणून जाणती मंडळी पहिलं अक्षर गाळून उरलेलं शोधायला सांगतात. (उरतं ते वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचू नये.)

आमच्याकडची एक्स्पेक्टची स्क्रिप्ट वारशाने आलेली. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. एक्स्पेक्ट मुळात दहा सेकंद वाट बघतो. तेवढ्यात प्रश्न आला नाही आणि काय करायचं ते सांगितलेलं नसलं, तर तो मुकाट पुढच्या ओळीवर जातो. एका रात्री लाइन रेंगाळली. राउटरने विचारायच्या आधीच याने पासवर्ड देऊन टाकला. मग राउटरने पासवर्ड विचारला, तर याने कमांड पाठवली. त्याने पुन्हा विचारला, तर हा म्हणाला, 'एक्झिट'.

सकाळी साहेबांनी लॉग उघडला. सेटिंग्जची एक ओळ नाही.

"अहो, बॅकअप झालाय ना?"

"झालाय साहेब. पासवर्डचा."

एरवी टाइप केलेला पासवर्ड स्क्रीनवर उमटत नाही, म्हणून लॉगमध्येही येत नाही. विचारायच्या आधी दिला की मात्र स्वच्छ अक्षरांत उमटतो. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवरून कुणीतरी पासवर्ड चोरले, म्हणून तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. वाटेत कुणी चोरू नये याची त्या भल्या माणसाने सोय केली. मुक्कामी पोचायच्या आतच आम्ही तो फाइलीत उतरवून, वर तारीख घालून ठेवला.

तेव्हा अशी स्क्रिप्ट ज्यांच्या पदरी पडली असेल त्यांनी एवढं कराच. आधी 'टर्मिनल लेंग्थ झिरो' द्या, म्हणजे 'मोअर'ची कटकट मिटेल. दहा सेकंद उलटले तर गप्प बसायचं, हे एक्स्पेक्टला लिहून द्या. जमेल तिथे पासवर्डाऐवजी एसएसएच-की वापरा. आणि जुन्या लॉगमध्ये आपला पासवर्ड शोधून बघा. फक्त शोधताना तो कमांडमध्ये टाइप करू नका. शेलही हिस्टरी ठेवतं.